ध्वनीची पारख : कान, डोळा आणि किंमत

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात आमच्या आदिलाबादच्या घरी दोन तरुण आले. पहिला आमचा पुतण्या. तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहे आणि संगीत ऐकण्याच्या साधनांचा त्यास विलक्षण नाद आहे. दुसरा उटनूर परिसरातील एका प्रधान कुटुंबातील मुलगा. ह्या मुलाच्या आजोबांनी १९८७ साली, आम्ही नोकरीत नवखे असताना, एका मुक्कामाच्या रात्री किंगरी वाजवून गोंडांची कुलकथा गायिली होती आणि ती आम्ही आमच्या साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती. आजोबांना जाऊन आता पंचवीस वर्षे झाली. कॅसेट मात्र आमच्या कपाटात राहिली. पुतण्याने ती मागील वर्षी संगणकावर घेतली आणि तिची प्रत आम्ही त्या मुलाकडे पाठविली. तो स्वतः आता किंगरी शिकतो आहे. आल्या आल्या त्याने विचारले, "साहेब, फोनवर ऐकलं. पण आजोबांच्या किंगरीचा आवाज खरंच असाच होता का?"

प्रश्न साधा होता. उत्तर देणे सोपे नव्हते. त्या रात्री शेकोटीभोवती बसलेल्यांपैकी आज आमच्या माहितीत आम्हीच उरलो आहोत. पुतण्याने खिशातून चामड्याची एक लहानशी डबी काढली. तीत कानात घालावयाच्या इअरफोनची जोडी होती. "काका, ह्यातून ऐका आणि मग त्याला सांगा," तो म्हणाला. जोडीची किंमत विचारली तेव्हा कळले, पासष्ट हजार रुपये. त्याच्याजवळ रोजच्या वापराची आणखी एक जोडी होती. ती दोन हजारांची.

पहिल्या क्षणी पासष्ट हजारांच्या जोडीतून किंगरी अधिक गोड वाटली, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. पण ती गोडी ध्वनीची होती की किमतीची? ध्वनी चांगला आहे, खरा आहे, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? आणि त्या चांगुलपणाचे मोल किती मानावयाचे? हे प्रश्न आजच्या इअरफोनमुळे नव्याने उभे राहिले असले, तरी ते जुने आहेत. त्यांचा थोडा इतिहास वाचकांसमोर मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. प्रधान हे राजगोंडांचे परंपरागत भाट. गोंडांच्या चार, पाच, सहा आणि सात भावांच्या कुलसमूहांच्या उत्पत्तिकथा, देवांच्या आणि वीरांच्या कथा त्यांच्या मुखी असतात. आदिलाबादच्या प्रधानांचे वैशिष्ट्य असे, की त्यांची घरची बोली मराठी. गातात मात्र ते गोंडीत. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारच्या वतीने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ ह्या भागात आले आणि मारलवाई गावी राहिले. त्यांच्या १९४८ च्या राजगोंडांवरील ग्रंथामुळे प्रधानांची ही परंपरा बाहेरच्या जगास कळली. त्यांचे वाद्य किंगरी. पोकळ लाकडावर कातडे ताणलेले, तीन तारांचे आणि घोड्याच्या केसांच्या गजाने वाजविण्याचे. तिचा आवाज सारंगीसारखा मऊ नाही. त्यात गजाची खरखर असते आणि गायकाच्या कंठाशी ती खरखर मिळून जाते.

किंगरीची पारख कशी होत असे? आम्ही त्या वृद्ध प्रधानांस हेच विचारले होते. त्यांनी वाद्य उलटसुलट करून दाखविले नाही, लाकडाचे नावही सांगितले नाही. गज एकदा ओढला आणि म्हणाले, "ही माझ्या गळ्याला धरते." म्हणजे वाद्याची कसोटी त्या वाद्यात नव्हती, ज्या गळ्याबरोबर ते वाजावयाचे त्या गळ्यात होती. यजमान गोंडही नवखे नसत. तीच कथा, तोच ध्वनी त्यांनी बालपणापासून ऐकलेला. वाजविणारा आणि ऐकणारा ह्या दोघांच्याही कानात एक जिवंत माप होते.

असेच जिवंत माप आपल्या मराठी मुलखात मिरजेस होते आणि आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेतील शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार व झिलई देणारे कारागीर, तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव ह्या घराण्यांचे मूळपुरुष म्हणून घेतले जाते. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, नक्षी डोळ्यांना दिसतात. पण त्याचे खरे मोल जवारीत असते. घोडीचा माथा सपाट नसतो, त्यास अगदी अल्प उतार असतो. तार त्या उतारावर एका बिंदूत न टेकता हलक्या स्पर्शाने थरथरते आणि तिच्यातून मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर झणझणत उमटतात. कारागीर घोडी कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. ज्यास आपण तंबोऱ्यातील स्वयंभू गंधार म्हणतो, तो अशा घासण्याऐकण्यातून प्रकट होतो.

ह्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सर्वांसाठी उत्तम अशी एकच जवारी नसते. एका गायकास खुली हवी, दुसऱ्यास बंद. कारागीर प्रथम विचारतो, तंबोरा कोणासाठी? चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत. परंतु तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीमुळे ते स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखविले. मिरजेच्या कारागिरास हा नियम ठाऊक नव्हता. तो मोडावा कसा, हे मात्र त्याच्या हातास ठाऊक होते.

केवळ कानावर विसंबावे की मापनावर, हा वाद ह्याच परिसरात एका सरकारी अधिकाऱ्याने उभा केला, ह्याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. जमीन मोजण्यात हयात घालविलेल्या ह्या गृहस्थांनी निवृत्तीनंतर स्वर मोजावयास घेतले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे गाणे ऐकून तारेच्या लांबीवरून त्यांनी श्रुतींची स्थाने निश्चित करण्याचा प्रयत्न केला आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना सनदी सेवेतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स येऊन मिळाले. त्यांचा ग्रंथ १९१३ सालचा. दोघांच्या विचारातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींचा प्रश्न तेथे चर्चेस आला. पण विद्वानांचे एकमत झाले नाही. बारा स्वरांच्या चौकटीत रागांची मांडणी करणाऱ्या पंडित भातखंडे यांना ही मोजणी मान्य नव्हती.

देवलांचा प्रयत्न फसला असे म्हणून त्यास हिणविणे योग्य नव्हे. मोजल्याशिवाय भांडण मिटत नाही, ही त्यांची महसुली बुद्धी योग्यच होती. अडचण अशी, की गळ्यातील स्वर शेताच्या बांधासारखा एका जागी स्थिर राहत नाही. शिवाय मोजणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असले, तर कान त्या उत्तराच्या दिशेने झुकतो. हा झुकाव आपल्या लेखाचा गाभा आहे. त्याकडे पुढे पुन्हा येऊ. वाद्याचा निवाडा कागदावर कसा होतो ह्याचे दुसरे उदाहरण हार्मोनियमचेच आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला प्रसारणातून हद्दपार केले आणि ही बंदी सुमारे तीन दशके, १९७१ पर्यंत, टिकली. त्या काळातही घरोघरच्या भजनांत आणि नाटकांत तीच पेटी लोक आवडीने ऐकत होते.

आता कानात घालावयाच्या साधनाकडे वळू. ह्याचा जन्म टेलिफोनच्या पोटी झाला. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी नाट्यगृहातील संगीत तारेने दूर नेऊन ऐकविले. श्रोता दोन्ही कानांना दोन वेगळे ग्राहक लावी आणि गायक डावीकडून उजवीकडे गेल्याचा भास त्यास होई. पुढे १८९० पासून ही सेवा पैसे घेऊन घरोघर देण्यात येऊ लागली. १८९१ साली एर्नेस्ट मेर्कादिये ह्या फ्रेंच अभियंत्याने कानाच्या भोकात बसणाऱ्या, टोकास रबराचे आवरण असलेल्या लहान दुहेरी ग्राहकाचे एकस्व घेतले. आजच्या इअरफोनचा हा आद्य पूर्वज. १९१० साली अमेरिकेतील युटा प्रांतात नाथानिएल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरात बसून बनविलेले श्रवणग्राहक अमेरिकन नौदलास पाठविले. ते आतापर्यंतच्या ग्राहकांपेक्षा कितीतरी संवेदनशील निघाले. त्यात तराजूच्या दांडीप्रमाणे मध्यावर तोललेली लोखंडी पट्टी चुंबकाच्या खेचीने हले आणि पडदा हलवी.

ही तोललेली पट्टी पुढे अत्यंत लहान होऊन बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत गेली. वृद्धांच्या कानामागच्या यंत्रासाठी घडलेला हा भाग विसाव्या शतकाच्या अखेरीस संगीताच्या व्यवसायात आला, हा ह्या इतिहासातील मोठा योगायोग. १९९१ साली श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन यांच्या संस्थेने अशा भागावर आधारलेला, रंगमंचापेक्षा प्रयोगशाळेच्या शिस्तीचा इअरफोन बाजारात आणला. १९९५ साली जेरी हार्वी ह्या ध्वनितंत्रज्ञाने रॉक वादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यावरून खास जोडी बनविली. गोंगाटाच्या रंगमंचावर वादकास स्वतःचा आवाज ऐकू यावा, हा तिचा हेतू. ह्या जातीस 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात. आज महागड्या जोडीच्या एकाच टरफलात अशा अनेक पट्ट्या बसवून मंद्र, मध्य आणि तार सप्तकांचे काम त्यांच्यात वाटून दिलेले असते. स्वस्त जोडीत बहुधा एकच पातळ पडदा आणि त्यामागे तारेचे वेटोळे असते.

एक पडदा की दहा पट्ट्या, ह्यावर ग्राहक भांडतात. पण खरी कसोटी निराळी आहे. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. बासरीप्रमाणे तिचाही एक स्वतःचा नाद असतो; तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी ती स्वभावतः मोठे करून पडद्याकडे पाठविते. इअरफोनने नळी बुजवली, की हा स्वाभाविक उठाव नाहीसा होतो. म्हणून चांगल्या इअरफोनने तो स्वतःहून भरून द्यावा लागतो. तो कमी दिला तर मनुष्याचा आवाज रजईखालून आल्यासारखा वाटतो, अधिक दिला तर टोचतो. दुसरे, रबरी टोपी नळीत घट्ट न बसल्यास मंद्र स्वर निसटून जातात आणि लाखाची जोडीही पोकळ वाजते. म्हणजे पन्नास रुपयांची टोपी पासष्ट हजारांच्या यंत्रास पराभूत करू शकते. ह्या दोन गोष्टी ज्यास कळल्या, त्यास निम्मी पारख आली असे समजावे.

आमच्या जिल्ह्यात ही यंत्रे कशी पोहोचली, हेही पाहण्यासारखे आहे. हैदराबादेत १९३३ मध्ये मेहबूब अली यांनी दोनशे वॅटचे लहान प्रक्षेपण केंद्र चालविले; १९३५ मध्ये ते निजाम सरकारने हाती घेतले आणि 'दख्खन रेडिओ' म्हणून ते प्रसिद्ध झाले. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमही त्यावर होत. १ एप्रिल १९५० रोजी ते केंद्र ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आमच्या जिल्ह्याचे मराठी तालुके मुंबई राज्यात गेले आणि मुधोळ आमच्याकडे आले. नकाशावर रेघ पडली, पण रेडिओच्या लहरींना तिचे बंधन नव्हते. बेला, जैनथ भागातील मराठी घरे सीमेपलीकडचे कार्यक्रम ऐकत राहिली. ऐंशीच्या दशकात आदिलाबादेत आकाशवाणीचे केंद्र आले आणि गोंडी भाषाही ध्वनिक्षेपकापुढे बसली.

त्या रेडिओचा आवाज उत्तम होता असे कोणी म्हणणार नाही. पण चावडीवरचा एक रेडिओ सारे गाव ऐकत असे. खरखर वाढली तर दहा जण सांगत, आणि कोणी गाणे वाखाणले तर दुसरा विरोध करी. श्रवण सामुदायिक होते, म्हणून निवाडाही सामुदायिक होता. कानातील इअरफोनचा ध्वनी एकट्यासाठी असतो. त्या मैफलीस दुसरा साक्षीदार नाही. मग साक्षीदाराची जागा कोण घेतो? डबी, नाव, वर्णन आणि किंमत.

ह्या मोहाचे आम्ही स्वतःही बळी आहोत. नव्वदच्या दशकात आश्रमशाळांसाठी टेपरेकॉर्डर खरेदी करणाऱ्या एका समितीवर आम्ही होतो. निविदा उघडल्या, तक्ते तयार केले, वॅट आणि हमीची वर्षे पाहिली, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली. बैठक दोन तास चालली. टेबलावर तिन्ही नमुने ठेवलेले होते. पण समितीतील एकाही सदस्याने त्यांपैकी एकही सुरू करून ऐकला नाही. पुढे शाळेत गेलो, तर मुलांना कवितेचे शब्दच कळत नव्हते. नियमाचा भंग झाला नव्हता, म्हणून कोणी आम्हांस विचारले नाही. पुतण्याने किमतीस भुलावे आणि आम्ही स्वस्ताईस भुलावे, ह्यात अंतर फार नाही. दोघांनीही कान बाजूस ठेवून आकड्यावर निवाडा केला.

कानास एकटे कसे पाडावे, म्हणजे डोळ्यांची आणि आकड्यांची साक्ष दूर कशी ठेवावी, हा प्रश्न यंत्रयुगाने लवकरच हाती घेतला. पण प्रथम जाहिरातीसाठी. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव 'स्वरपरीक्षा' भरविल्या. रंगमंचावर गायिका उभी राही, शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवले जात आणि गाते कोण, बाई की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखावयाचे. अनेकांना ओळखता आले नाही, असा गाजावाजा झाला. अ‍ॅना केस ही त्यातील प्रसिद्ध गायिका. यंत्राच्या आवाजाशी मेळ बसावा म्हणून आपण आपला आवाज आवरून धरीत असू, असे तिनेच पुढे सांगितले. म्हणजे यंत्र माणसासारखे गात नव्हते. माणूस यंत्रासारखा गात होता. परीक्षेची रचना परीक्षार्थ्याच्या हाती असली म्हणजे काय होते, ह्याचा हा नमुना.

खरी परीक्षा पुढे झाली. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखविले, की आवाज लहानमोठा झाला की मंद्र आणि तार स्वरांचे कानास भासणारे प्रमाणही बदलते. म्हणूनच दोन साधनांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, ते अधिक भरदार वाटते. तुलना करावयाची तर दोघांचा आवाज प्रथम समान करणे भाग आहे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ध्वनिक्षेपकांची तुलना दोन प्रकारे करविली: एकदा ते श्रोत्यांस दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या आणि ख्यातनाम क्षेपकांस मिळालेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. श्रोते ध्वनिव्यवसायातीलच होते, हे विशेष. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ श्रवणसाधनांची मापने आणि त्यांच्या किमती शेजारी ठेवल्या. निरनिराळ्या कंप्रतांस साधन कसा प्रतिसाद देते आणि त्याची किंमत काय, ह्यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही.

मग अधिकचे पैसे जातात कोठे? ते सगळेच वाया जातात असे आम्ही म्हणणार नाही. टरफलाची घडण, कानाच्या साच्यावरून केलेले काम, बदलता येणारी तार, दोन्ही बाजूंचे काटेकोर जुळणारे भाग, अल्पसंख्येत होणारे उत्पादन, दुरुस्तीची सोय, ह्या सर्वांना पैसा लागतो. मिरजेच्या तंबोऱ्यावरील नक्षीलाही लागतो. पण नक्षीचे पैसे देताना आपण जवारीचे पैसे देतो आहोत, असा समज करून घेऊ नये. नक्षी आवडली म्हणून अवश्य घ्यावी. हिशेबाच्या वहीत ती नक्षीच्या खात्यावर मांडावी.

हे सारे पुतण्यास सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "काका, मग आपणच पडद्याआडची परीक्षा घेऊ." दोन्ही जोड्यांना एकसारख्या रबरी टोप्या लावल्या. आवाज शक्य तितका समान केला. आम्ही डोळे मिटून बसलो. "अहो, पापण्या हलताहेत, नीट मिटा," असे सौभाग्यवतींनी बजावले आणि स्वतः चिठ्ठ्या उचलून कोणती जोडी द्यावयाची ते पुतण्यास खुणेने सांगू लागल्या. जोडीचे वजन कानास जाणवते, म्हणून ही परीक्षा निर्दोष नव्हती. किंगरीच्या ध्वनिमुद्रणावर दहा वेळा दोन्ही जोड्या ऐकून 'अधिक खरी' कोणती ते सांगितले: पाच वेळा महाग, पाच वेळा स्वस्त. मग एका तंबोऱ्याचे अलीकडचे उत्तम ध्वनिमुद्रण घेतले. तेथे सात वेळा महाग जोडी निवडली. आम्ही थोडे सुखावलो. पुतण्या म्हणाला, "नाणं उडवलं तरी दहांत सात पडू शकतात, काका."

किंगरीवर फरक का कळला नाही, ह्याचे एक कारण उघड होते. १९८७ च्या त्या साध्या टेपरेकॉर्डरने वरचे उपस्वर पकडलेच नव्हते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? दुसरे कारण स्वीकारावयास जड गेले. मागील वर्षी आमच्या कानांची तपासणी झाली तेव्हा आलेखाची रेघ चार हजार हर्ट्झनंतर खाली उतरत गेलेली दिसली. वयोमानाने असे होते, असे डॉक्टर म्हणाले. निरोगी तरुण कानाची सीमा वीस हजार हर्ट्झपर्यंत मानली जाते. तिच्यातील वरचा मोठा प्रांत आमच्या ताब्यातून केव्हाच गेला आहे. ज्या गजाच्या खरखरीविषयी तो मुलगा विचारीत होता, तिचा वरचा अंश त्याच प्रांतात राहतो. साक्षीदार एकच, आणि तोही अर्धा बहिरा! तरुण वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणासाठी ८० डेसिबल आवाजास आठवड्यास ४० तास अशी मर्यादा सुचविली आहे. कानातील पेशी एकदा गेल्या, की त्या कोणत्याही किमतीस परत मिळत नाहीत.

अखेरीस त्या मुलाने पिशवीतून किंगरी काढली. वाद्य आजोबांचेच होते. कातडे आणि तारा नव्या. दंडारीचे दिवस असल्याने गल्लीच्या टोकाकडून ढोल आणि पेपऱ्याचा आवाज येत होता. म्हणून आम्ही मागच्या खोलीत बसलो. त्याने एका कानात दोन हजारांच्या जोडीचा एक इअरफोन घातला, दुसरा कान मोकळा ठेवला आणि आजोबांच्या स्वराशी आपल्या तारा जुळवू लागला. एक खुंटी पिळी, थांबे, ऐके, पुन्हा पिळी. मिरजेच्या दुकानात जवारी लावणारा कारागीर आम्ही एकदा पाहिला होता; तीच मान वाकविण्याची ढब. स्वर जुळल्यावर त्याने गज ओढला. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आमच्या जुन्या कानांनाही त्या आवाजात असे काही ऐकू आले, की जे दोन्ही जोड्यांतून आले नव्हते. ते नेमके काय, हे सांगता येणार नाही.

त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे प्राप्त होते. आम्ही म्हणालो, "कॅसेटमध्ये आजोबांचा स्वर खरा आहे, चाल खरी आहे, शब्द खरे आहेत. खरखर निम्मी आहे. तुझ्या हातातली किंगरी त्याच्या अधिक जवळ आहे. पण गज ते अधिक दाबून ओढीत."

त्याने गज दाबून पाहिला. आम्ही म्हणालो, आणखी थोडा. त्याने आणखी दाबला. मग आम्ही मान डोलाविली.

निघताना पुतण्याने ती दोन हजारांची जोडी त्यास देऊन टाकली. आपली पासष्ट हजारांची त्याने डबीत ठेवली, आणि ठेवताना म्हणाला, "दिसायला मात्र सुंदर आहे, नाही का काका?" आम्हीही ते मान्य केले. जोडी खरोखरच सुंदर होती.